बोटवाल्या काकांचं लिव्हर

"थंयच रव!"

हात पुढे, पंजा ताठ, ट्रॅफिक हवालदारासारखा. आणि डोळे असे, जणू समोरचा कोयता घेऊन आलाय. मी बिचारी नळावरून कळशी घेऊन चाललेली असायचे! पण बोटवाल्या काकांच्या दारावरून जायचं म्हणजे तो पंजा आलाच. "थंयच रव गो टकटके, थंयसून बोल." म्हणजे तिथेच थांब, तिथूनच बोल. टकटके म्हणजे मी. मरोळला एका कारखान्याच्या ऑफिसात मी तेव्हा नुकतीच टायपिस्ट लागले होते आणि घरी आल्यावरसुद्धा माझी बोटं पाटावर, पत्र्यावर, कशावरही चालूच असायची.

तुमच्याही चाळीत असं एखादं खडूस माणूस असेल, ज्याच्या दारात बॉल गेला की गेलाच. पण आमच्या काकांसारखं नसणार, पैज लावा. कारण आमच्या काकांच्या पोटात दुसऱ्याच माणसाचं लिव्हर होतं. खरंच! आणि ते पण इंग्लंडातलं.

थांबा, नीट सांगते, नाहीतर माझं असं होतं की सगळं एकदम बाहेर येतं.

घाटकोपरला डोंगराच्या बाजूला आमची बैठी चाळ. रांगेतली बरीचशी घरं कोकणातली, गिरणीतली. मध्ये आमच्यासारखी दोन-तीन बौद्ध घरं. काका आमच्या शेजारचे, मधली भिंत एकच. ते मालवणकडचे, परदेशी कंपनीच्या बोटीवर इंजिनखोलीत कामाला. म्हणून बोटवाले. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले आमच्या घरात, असं बाबा म्हणायचे.

कारण तेव्हाचे काका म्हणजे नुसता गोंगाट! बोटीवरून आले की सामान अजून टॅक्सीतच, आणि हे आमच्या दारात. "जय भीम, फिटरसाहेब!" म्हणून बाबांना अशी मिठी मारायचे की बाबांच्या बरगड्या वाजायच्या. मग आत थेट चुलीपाशी. "वयनी, भाकरी आसा काय?" आई साताऱ्याकडची, तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा. हा मासे खाणारा माणूस त्या भाकरीसाठी वेडा. आईच्याच ताटातली अर्धी उचलायचा. त्यांची बायको सुमनकाकी दारातून ओरडायची, "अहो, आंघोळ तरी करा!" आणि काका तोंडात घास घेऊन, "आंगाक समुद्र लागलो हा, आनी काय आंघोळ?"

रांगेतल्या काही बायका नाक मुरडायच्या. घरी आल्याआल्या बायकोच्या हातचं सोडून 'त्यांच्याकडे' जेवतो म्हणून. काकांना फरक पडत नव्हता.

मग एका फेरीला बोटीवर त्यांना कावीळ झाली. कावीळ म्हणजे आपल्याकडे काय, रांगेत प्रत्येकाकडे औषध. कुणाकडे माळ, कुणाकडे मुळी. पण काका होते भर समुद्रात. डोळे पिवळे, मग अंग पिवळं, मग बडबड, मग शुद्धच नाही. बोट इंग्लंडातल्या एका बंदराला लागली आणि तिथून त्यांना थेट हॉस्पिटलात. लिव्हर पार कामातून गेलेलं. दोन दिवस जगला तर जगला. आणि तिथल्या डॉक्टरांनी नुकत्याच मेलेल्या कुणाचं तरी लिव्हर काढून काकांना बसवलं! खर्च बोटकंपनीच्या विम्याने केला. इकडे आपल्याकडे तेव्हा किडन्या बसवतात हे ऐकून होतो. लिव्हर बसवलेला माणूस आख्ख्या घाटकोपरात काय, मुंबईतल्या डॉक्टरांनीसुद्धा बघितला नव्हता.

सुमनकाकी इकडे एकटी. मूलबाळ नाही, सासू गावी. एजंटाच्या ऑफिसातून निरोप यायचा तेवढाच. तिने देवापुढे कबूल केलं, माणूस परत आला तर सत्यनारायण घालीन, आख्खी चाळ जेवायला घालीन.

आणि माणूस परत आला ना!

आख्खी चाळ दारात. सुमनकाकीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. गिरणीतले एक आजोबा रडत रडत पुढे झाले, काकांच्या गळ्यात पडायला. आणि तेव्हा पहिल्यांदा तो पंजा वर आला.

"थंयच रवा."

आजोबांचे हात तसेच हवेत. काका आत गेले आणि दार लावलं. लावलं म्हणजे आतून कडी! आमच्याकडे दिवसा कडी फक्त भांडण झाल्यावर किंवा मयतीनंतर लागते.

त्याचं कारण काकांनी मला पुढे एकदा सांगितलं, दारापासून चार हात लांब उभं करून. ते इतकं सोपं आहे की मी ते कुणालाही सांगू शकते. परकं लिव्हर शरीराला परकंच वाटतं. शरीर त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून औषधं देऊन शरीराची मारामारी करायची ताकदच काढून घेतात. "वॉचमनाक निजवन ठेवल्यानी हा," काका म्हणाले. "आता घराक कडी नको? चोर इलो तर बोंब कोण मारतलो?" चोर म्हणजे जंतू. तुम्हाआम्हाला ज्याने नुसतं पोट बिघडतं ना, त्याने काका मरू शकत होते. आणि मरायच्या आधी धड तापसुद्धा येणार नाही, कारण तापाची घंटा वाजवणारा तो वॉचमनच झोपलेला. कच्चं काही खायचं नाही, दूध उकळल्याशिवाय नाही, दही नाही, गर्दीत जायचं नाही, मातीत हात नाही. एवढं सगळं. आणि हे आयुष्यभर.

पण चाळीला हे कोण सांगणार? आणि सांगितलं तरी चाळ ऐकते का!

तेव्हा गिरणी संप मोडून पडलेला. अर्धी रांग घरी, दिवसभर कॅरम. रिकाम्या माणसांना आयतं खेळणं मिळालं. औषधांनी काकांचं तोंड फुगून गोल झालं, कपाळावर केस आले, भुवया एकमेकींत घुसल्या. लगेच नाव पडलं, अस्वल. मग पैजा लागायच्या. एकजण दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने शिंकायचा आणि बाकीचे बघायचे, अस्वल पंजा वर करतंय का. केला की टाळ्या.

"काय हो काका, साहेबाचं काळीज ना? मग संध्याकाळी बिअर मागत असेल."

"अरे, इंग्रजाचं कशाला, डुकराचं बसवलं असेल. फुकटात कोण माणसाचं देतो?"

काका पण काही कमी नव्हते. तोंड तर त्यांचं कुणी झोपवलं नव्हतं. खिडकीतूनच सुनवायचे, "माझ्या पोटात निदान कोणाचा तरी आसा. तुमच्या पोटात काय आसा, मेल्यांनू? कॅरमची पावडर?" आणि गिरणीवरून असं काही बोलायचे की ज्याची नोकरी गेलीय त्याच्या वर्मी लागावं. एकाला म्हणाले, "तुझ्या बायलेक विचार, तुज्या जाग्यार दुसरो बसवचो काय." तो माणूस खरंच दगड घेऊन उठला होता. म्हणजे मी उगाच त्यांना देवमाणूस वगैरे करणार नाही. दुष्टपणाला दुष्टपणाच मिळायचा दोन्हीकडून, रोज, सकाळपासून.

औषधाची तर गंमतच. तेलकट पिवळं औषध, कोमट दुधात ढवळून घ्यायचं, तेही काचेच्याच ग्लासात. वास असा, की मेलेली पाल एरंडेलात तळलीय. सकाळी सकाळी मधल्या भिंतीतून आमच्या घरात यायचा. काका नाक दाबून, डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा करायचे आणि मग मोठ्याने एक शिवी द्यायचे. बाबा म्हणायचे, आठ वाजले.

पण मग ते पाण्याचं झालं.

काका हॉस्पिटलात तपासणीला जाऊन भर उन्हातून चालत आले. धापा टाकत होते. आई दारातच तांदूळ निवडत बसलेली. ती उठली, तांब्या भरला आणि पुढे केला. जसा वर्षानुवर्षं केला होता तसाच. आणि काकांनी हात असा झटकन मागे घेतला! जणू तांब्या तापलेला आहे. वर पंजा. "थंयच रव वयनी. माका नको तां."

समोर कॅरम चालू होता. सगळ्यांनी बघितलं. एकजण हळूच म्हणाला, "विलायतेला जाऊन आला आणि जात आठवली."

आई तांब्या घेऊन आत आली. पाणी माठात परत ओतलं नाही, मोरीत ओतलं.

बाबा भडकले. "उद्यापासून त्या दारात पाऊल टाकायचं नाही कुणी. मिठ्या मारत होता भडवा."

सुमनकाकी धावत आली. "ताई, तसं नाही हो! माझ्या हातचंसुद्धा ते उकळलेलंच पाणी घेतात. डॉक्टरांनीच..."

"तू बायको हायस त्याची," आई म्हणाली. "तुला राग येत न्हाई. मला येतो. आमच्या गावात पाटलीणबाई असाच हात वर करायची. तिला कुणी लिव्हर न्हवतं बसवलं."

सुमनकाकी आली तशी परत गेली.

मी मात्र त्या दारावरून जातच राहिले, नळाचा रस्ता तोच होता ना. आणि एकदा राग येऊन विचारलंच, चार हातांवरून. "काका, आमचं पाणी तुम्हाला चालत नाही का?"

त्यांनी शर्ट वर करून पोट दाखवलं. बापरे! या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवण, मधून वर आणखी एक. "माझ्या पोटात एक पोरगो आसा," ते म्हणाले. "मोटरसायकलीवरसून पडलो. तुज्याच वयाचो. नाव नाय सांगल्यानी माका. तेच्या आवशीन दिल्यान." त्याच्या आईने दिलं. "मी मेलंय तर मी मेलंय, माका काय? पण तो दुसऱ्यांदा मरतलो."

हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तोंड धू, जेवायला बस."

मग धुळवड आली. काका आदल्या दिवसापासून कडी लावून आत. कॅरमवाल्यांनी गटाराच्या पाण्याचे फुगे भरले आणि खिडकीची फळी काठीने उचकटून आत मारले. एक बरोबर तोंडावर फुटला. हसले काय, लोळले काय! काका बाहेर आले नाहीत, शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. आत फक्त पाण्याचा आवाज येत राहिला, ते तोंड धूत होते, धूतच होते.

त्यानंतर छातीत जंतू गेला. महिनाभर हॉस्पिटल. परत आले तेव्हा खांद्याची हाडं शर्टातून दिसत होती. डॉक्टरांनी सुमनकाकीला समोर बसवून सांगितलं होतं, यावेळी वाचले, पुढच्या वेळी सांगता येणार नाही. आणि कॅरमवाले काय म्हणाले माहितीय? "एवढ्याशा पाण्याने?"

आता सुमनकाकी घाबरली. तिच्या डोक्यात एकच, कबूल केलेला सत्यनारायण राहिलाय, म्हणून हे होतंय. सासूचं गावावरून तेच पत्र, रांगेतल्या बायकांचं तेच तोंड. काका टाळत होते, माणसं जमतील म्हणून. शेवटी ती जेवायचीच थांबली. मग काका तयार झाले. अट अशी की बायका-माणसं दारातच बसतील, आणि ते पूजेला बसून तासाभरात आत जातील.

बसले. सोवळ्यात, तोंडाला रुमाल बांधून, अस्वल लग्नाला उभं राहावं तसे. आम्ही पूजा करत नाही, तीर्थप्रसाद घेत नाही. पण शेजारघरचं कार्य, म्हणून मी आणि आई बाहेर ओट्यावर उभ्या होतो. आई म्हणाली, सुमनसाठी आलेय.

भटजींनी कथा सुरू केली. ती तुम्हाला माहीत असेलच. त्यात एक बाई घाईघाईने प्रसाद न घेता जाते आणि तिच्या नवऱ्याची नाव बंदरात आल्यावर बुडते. तो भाग आला आणि आख्ख्या रांगेने मान वळवून काकांकडे बघितलं. बोटीवरचा माणूस एकच ना आमच्यात!

मग तीर्थ. भटजींनी पळी पुढे केली. काकांचा पंजा वर.

"माका नको."

"यजमान, असं करू नये."

"भटजीनू, उकळून दिल्यात तर घेतंय."

काय सांगू तुम्हाला! एक म्हातारी "शिव शिव शिव" करत उठलीच. कॅरमवालेसुद्धा हसायचे थांबले. भटजी म्हणाले, "तीर्थ उकळत नाहीत हो!" मग शिरा आला, सकाळपासून उघडा, दहा हातांनी चिवडलेला. तोही नको. सुमनकाकी नवऱ्याच्या पायाशी बसली, अगदी हात जोडून, "एक थेंब घ्या. माझ्यासाठी." काका तिच्यावर ओरडले, चारचौघांत, "तुका मी जितो होयो काय मेल्लो?" तुला मी जिवंत हवा की मेलेला. आणि आत निघून गेले.

सुमनकाकी पांढरीफटक. बायका तिच्याकडे अशा बघत होत्या, जशा विधवेकडे बघतात.

आणि माझी आई? ती हसत होती! पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत हसत होती. घरात येऊन बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "भटाचं बी घेत न्हाई गं हा! भटाचं बी न्हाई! म्हणजे खरंच हाय की त्याचं."

दुसऱ्या दिवशी तिने दारात उभं राहून, चार हातांवरून, हाक मारली. "भावजी, तव्यावरची भाकरी चालंल का? थेट? हात न लावता?"

आतून कडी निघाली. मग, "चलता."

आई तवाच घेऊन गेली. चिमट्याने भाकरी काढली आणि काकांच्या ताटात टाकली, वाफ निघत होती. काका उभ्याउभ्या खात होते, तोंड भाजत होतं, हा-हू करत होते, आणि कपाळावरच्या त्या केसांतून घाम गळत होता. "तिखट आसा," म्हणाले. ठेचा नव्हताच बरोबर. आई म्हणाली, "गरम हाय, म्हणून."

मग रोजच. तवा, चिमटा, भाकरी. बाबा आधी कुरकुरले, मग एकदा कामावरून लवकर आले तेव्हा स्वतःच चिमटा घेऊन गेले. ते काही आठवडे मला फार आवडतात. काका एकदा मला म्हणाले, "टकटके, आवशीक सांग, बोटीवर दर बंदराक जेवलंय, पण..." आणि पुढे बोललेच नाहीत. मी पुष्कळ विचारलं, पण काय? "पण काय नाय. पळ थंयसून."

मग एक दिवस मी ऑफिसातून येताना त्यांच्या दाराशी थांबले. ते खुर्चीत बसलेले. मी एक पाऊल पुढे टाकलं, मुद्दाम, पंजा वर यावा म्हणून. नाही आला. आणखी एक. नाही. मी पार त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी किंचाळलेच, "काकी!"

मान ताठ, वाकवता येईना. काहीतरी बोटीवरचं बोलत होते, व्हॉल्व्ह बंद कर, प्रेशर बघ. नाक्यावरच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी थर्मामीटर लावला, ताप नाही. अशक्तपणा आहे म्हणाले, ताकदीचं इंजेक्शन दिलं. त्यात एक रात्र गेली. सकाळी काका डोळे उघडेनात.

टॅक्सीत सुमनकाकी, आई आणि मी. मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, आपला मराठीच. चष्मा, दाढी वाढलेली. त्याने पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवलं आणि आमच्याशी अगदी हळू, समजावून बोलला. मेंदूच्या आवरणात जंतू गेलाय. हा जंतू बहुतेक खाण्यातून जातो. कच्च्या दुधातून, दह्यातून. चांगल्या माणसाला काही करत नाही, यांच्यासारख्याला सोडत नाही. "आठवून सांगा, मावशी. गेल्या महिना-दीड महिन्यात कच्चं दूध, दही, असं काही पोटात गेलंय?"

"नाही हो," सुमनकाकी म्हणाली. "दूध मी तीन-तीन उकळ्या आणते. दही तर घरातच नाही. देवाशपथ."

"आणि बाहेरचं?"

सुमनकाकीने आईकडे बघितलं. "यांच्याकडची भाकरी. पण ती तव्यावरची."

डॉक्टर म्हणाला, "त्याने काही होत नाही." हे तो आईकडे बघून म्हणाला. मी ऐकलंय.

पण लिव्हर बसवलेला माणूस आलाय हे हॉस्पिटलभर झालं. शिकाऊ पोरं घोळक्याने यायची. चादर वर करून शिवण बघायची, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून. कुणी बोट फिरवून बघायचं. काका तिथे नुसते पडलेले, आणि दोन्ही हात अंगाशी. ज्या माणसाने वर्षभर बायकोलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही, त्याला मरताना कोण कोण हात लावून गेलं याचा हिशोब नाही.

गेले. औषधं चालू झाली होती, पण उशीर झाला होता.

चाळीत आणलं तेव्हा मात्र सगळे जवळ आले. गिरणीतल्या आजोबांनी एकदाची मिठी मारून घेतली. कॅरमवाल्यांनी खांदा दिला, आणि चांगला दिला, पाळी बदलायला भांडले.

आणि मग तोंडं सुरू झाली. आधी एक, की तीर्थ नाकारलं म्हणून गेला, कथेत सांगितलंय तसं. मग त्याच्यापुढे दुसरं. देवाचा प्रसाद नको, आणि 'त्यांच्या' हातची भाकरी चालली ना? ती खायला लागला आणि महिन्याभरात गेला. नळावर आई आली की बायका कळश्या बाजूला ओढायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "काय घातलंस गं त्या भाकरीत?" आईने कळशी भरली आणि आली. तवा मात्र तिने दोनदा घासला त्या दिवशी, मी बघितलं.

दिवसकार्य झालं आणि सुमनकाकी आमच्याकडे आली. दुपारी, मी सुट्टीवर होते. तिला रांगेत दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं, जिथे जाईल तिथे तेच, घ्यायला हवं होतं गं त्याने तीर्थ. आमच्याकडे ते कुणी म्हणणार नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली, कुंकू नसलेलं कपाळ, आणि एकदम बोलायला लागली.

"ताई, तुला म्हणून सांगते. त्यांनी नाकारलं नव्हतं. म्हणजे त्यांनी नाकारलं, पण मी दिलं. मी तीर्थ काढून ठेवलं होतं वाटीत झाकून. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या औषधाच्या ग्लासात चमचाभर घालत होते, संपेपर्यंत. त्या वासात त्यांना काय कळतंय! त्यांनी सगळं घेतलं, ताई. थेंब सोडला नाही. मग देव का कोपला? कोपायचं तर काही कारणच नव्हतं ना?"

आईच्या गावात आमच्या माणसांना कुणी तीर्थ कधी दिलं नव्हतं. आणि मुंबईत आल्यावर आम्हीच घेत नव्हतो. तिने सरळ विचारलं, "तीर्थ कशाचं असतं गं, सुमन?"

"पंचामृत. दूध, दही, तूप..." ती बोटांवर मोजत सांगायला लागली, स्वयंपाकाचं सांगतात तसं. "दूध कच्चंच लागतं. उकळलेलं देवाला..."

थांबली.

आईने ओळखलं होतं. मला दिसलं, तिचा हात पुढे गेला सुमनकाकीच्या तोंडावर ठेवायला, आणि मध्येच राहिला.

"ताई," सुमनकाकी म्हणाली. "तू पण होतीस ना तिथे, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो डॉक्टर काय म्हणाला होता? कशातून जातो म्हणाला?"

बाहेर नळावर बायका होत्या. आईने नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, आणि भाकरीचं जे चाललं होतं ते तिथल्या तिथे संपलं असतं. आई उठली, चुलीकडे तोंड केलं, चहाचं भांडं शोधू लागली. ते तिच्या समोरच होतं.

"मला कुठं इंग्रजी कळतंय गं," ती म्हणाली.

डॉक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत बोलला होता.